थंडी पडली नाही, तर काय बिघडलं?

‘यंदा थंडी पडलीच नाही,’ असं आपण शहरातली माणसं डिसेंबर-जानेवारीत म्हणतो. ते निम्मं तक्रारीनं असतं आणि निम्मं समाधानानं. स्वेटर कपाटातच राहतात, पहाटे पंखा एकवर ठेवावा लागतो, एवढ्यावर विषय संपतो. गहू-हरभऱ्याचा शेतकरी हेच वाक्य म्हणतो, तेव्हा त्याचा स्वर वेगळा असतो. पण त्यालाही ‘नेमकं काय बिघडलं’ असं विचारलं, तर सांगणं अवघड जातं. गारपीट झाली तर पीक आडवं झालेलं दिसतं. अवकाळी पाऊस आला तर काळे पडलेले दाणे हातात घेऊन दाखवता येतात. उबदार हिवाळ्यात मात्र पीक चांगलं हिरवंगार उभं असतं, उलट जरा लवकरच निसवतं. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, ‘यंदा गहू झकास आहे.’ आणि मळणी झाली, की पोती कमी भरतात.

ही न दिसणारी घट कुठून येते, ते आज समजून घेऊ.

आधी हा आपला भास नाही ना, ते पाहू. भारतीय हवामान विभागाकडे १९०१ पासूनच्या तापमानाच्या सलग नोंदी आहेत. त्या नोंदींत मार्च २०२२ हा कमाल तापमानाच्या दृष्टीनं सर्वांत उष्ण मार्च ठरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातल्या कमाल तापमानाच्या सरासरीनं फेब्रुवारीचे आधीचे सगळे उच्चांक मोडले. २०२४ चा ऑक्टोबर हा सर्वांत उबदार ऑक्टोबर होता आणि २०२४ हे पूर्ण वर्षच १९०१ नंतरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. पाठोपाठ फेब्रुवारी २०२५, हाही सरासरी तापमानात पहिला. मधूनच एखादं वर्ष कडक गारठ्याचं येतं, नाही असं नाही. पण रब्बीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे पेरणीच्या आणि दाणे भरण्याच्या वेळेला, ऊब वाढते आहे आणि मधली खरी थंडी आखूड होते आहे.

आता पिकाकडे वळू. आपण दिवस कॅलेंडरवर मोजतो. गव्हाचं रोप ते तसे मोजत नाही, ते ऊब मोजतं. एका ठरावीक तापमानाच्या वर रोज जितकी ऊब मिळेल, तितकी त्याच्या खात्यात जमा होत जाते. खात्यात अमुक इतकी ऊब साठली की फुटवे थांबायचे आणि कांडी धरायची, आणखी साठली की ओंबी बाहेर टाकायची, आणखी साठली की दाणा पक्व करून पानं वाळवायची, असा त्याचा हिशेब ठरलेला असतो. शेतीशास्त्रात याला उष्णता एककं म्हणतात.

एक सोपं गणित करून बघू. समजा, गव्हाच्या वाढीसाठी पाच अंश सेल्सिअस हा पाया धरला आणि ओंबी फुलल्यापासून दाणा पक्व होईपर्यंत ६०० एककं लागतात असं मानलं. दिवस-रात्र मिळून सरासरी तापमान २० अंश असेल, तर रोज १५ एककं जमा होतील आणि ६०० व्हायला ४० दिवस लागतील. हीच सरासरी २३ अंश झाली, तर रोज १८ एककं जमा होतील आणि काम ३३ दिवसांत उरकेल. तीन अंशांनी दाणे भरण्याचा एक आठवडा खाल्ला.

यावर कुणी म्हणेल, मग चांगलंच झालं की! काम लवकर झालं, एखादं पाणीही वाचलं. इथेच सगळी मेख आहे. दाणा भरतो तो पानांनी उन्हाच्या मदतीनं तयार केलेल्या साखरेतून. ऊब वाढली म्हणून ऊन वाढत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतला सूर्य जेवढा प्रकाश देतो, तेवढाच देणार. म्हणजे गव्हाचं रोप हे रोजंदारीवरच्या मजुरासारखं आहे. रोज तोच राहिला आणि कामाचे दिवस ४० वरून ३३ वर आले, तर हातात येणारे पैसे कमीच होणार. प्रत्यक्षात झाड इतकं साधं नसतं, देठात आधी साठवलेली थोडी साखर ते दाण्यात ओततं आणि काही तूट भरून काढतं. तरीही गव्हावरच्या प्रयोगांत साधारण असंच दिसलेलं आहे, की दाणे भरण्याच्या काळात सरासरी तापमान एका अंशानं वाढलं, तर तो काळ जवळजवळ तीन दिवसांनी आखडतो. त्यातच दुपारचं तापमान तीस-बत्तीसच्या वर जाऊ लागलं, तर दाण्यात साखरेचं पीठ करणारी यंत्रणाच मंदावते. मग दाणा लहान तर राहतोच, शिवाय सुरकुततो.

सुरुवातीच्या काळातली ऊबही अशीच महाग पडते. गव्हाला पेरणीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत गारवा मिळाला, तर तो निवांतपणे फुटवे काढत बसतो. एका रोपाला किती ओंब्या लागणार, हे तेव्हाच ठरतं. गारवा नसेल, तर तो घाईनं कांडी धरतो आणि ओंब्या मोजक्याच राहतात.

हे झालं दिवसाचं. पण माझ्या मते खरी गोष्ट रात्रीची आहे आणि ती आपण सहसा बोलत नाही. वर्तमानपत्रात मथळा येतो तो कमाल तापमानाचा. रोप मात्र रात्रीही जगत असतं, श्वास घेत असतं आणि त्या श्वासासाठी दिवसा कमावलेली साखरच जाळत असतं. रात्र थंड असली तर हा खर्च कमी. रात्र उबदार असली तर खर्च वाढतो आणि शिल्लक घटते. मघाच्या मजुराच्या भाषेत सांगायचं, तर दिवसाची मजुरी तीच, पण घरखर्च वाढला. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं २००४ साली आपल्या शेतावरच्या अनेक वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. कोरड्या हंगामातल्या भातात, रात्रीचं किमान तापमान एका अंशानं वाढलं की उत्पादन सुमारे दहा टक्क्यांनी घटलेलं त्यात दिसलं. दिवसाच्या कमाल तापमानाचा तसा स्पष्ट परिणाम मात्र दिसला नाही. भात आणि गहू ही वेगळी पिकं आहेत, प्रमाणही वेगळं असेल. पण रात्रीच्या उबेची किंमत मोजणारी ही नोंद विसरण्यासारखी नाही.

मग रात्री उबदार का राहतात? महाराष्ट्रात थंडी तयार होत नाही, ती बहुतेक वेळा उत्तरेकडून येते. हिमालयावर पश्चिमेकडून येणारे पावसा-बर्फाचे झंझावात पुढे सरकले, की त्यांच्या मागून कोरडे, गार वारे मध्य भारतावरून खाली उतरतात. आकाश निरभ्र असेल, तर दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळेपणानं आकाशात सोडून देते आणि पहाटे दंव पडतं. पण याच सुमाराला बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की बाष्प आणि ढग येतात. ढग म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडी. वर गेलेली उष्णता ते पुन्हा खाली पाठवतात. २०२४ चं उदाहरण घ्या. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे बरी थंडी पडू लागली होती. ३० नोव्हेंबरला पुद्दुचेरीजवळ ‘फेंगल’ हे चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं आणि इकडे महाराष्ट्रात आठवडाभर ढग दाटले, थंडी पळाली. ४ डिसेंबरला मुंबईत सांताक्रूझला पारा ३७ अंशांच्या वर गेला होता. याशिवाय एल निनोचा हिवाळा बहुधा ऊबदार जातो, २०२३-२४ चा तसाच होता. आणि या सगळ्याखाली पृथ्वीच्या वाढत्या तापमानाची पायरी दर दशकाला थोडी थोडी उंचावते आहे. त्यामुळे पूर्वी ज्याला ‘जरा ऊब’ म्हणत, तेवढाच फरक आज उच्चांक ठरतो.

या न दिसणाऱ्या घटीनं देशाचा हिशेब चुकवला, ते वर्ष २०२२. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राचा अंदाज होता, की गव्हाचं उत्पादन ११ कोटी १३ लाख टन होईल. त्याच महिन्यात रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, जगात गव्हाचे भाव चढले आणि भारत जगाला गहू पुरवील अशी भाषा सुरू झाली. पीक तर शेतात उत्तम दिसत होतं. मार्चमध्ये पंजाब-हरियाणात दाणे भरत असतानाच उन्हाळा आला. मे महिन्यात अंदाज १० कोटी ६४ लाख टनांवर आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. अखेरचा आकडा १० कोटी ७७ लाख टनांच्या आसपास स्थिरावला. मला या सगळ्यात एक छोटा सरकारी आदेश फार बोलका वाटतो. सरकारी खरेदीत सुरकुतलेले आणि तुटके दाणे सहा टक्क्यांपर्यंत चालत. त्या मे महिन्यात पंजाब, हरियाणा आणि चंडीगढसाठी ही मर्यादा अठरा टक्के करावी लागली. आठवडाभर आधी वाळलेली पानं त्या अठरा टक्क्यांत होती.

बाकीच्या पिकांचं थोडक्यात सांगतो. हरभरा हे थंडीवर वाढणारं पीक. ऊब लागली की तो लवकर फुलतो, फुलं गळतात, घाटे कमी लागतात आणि ढगाळ हवेत घाटे अळी वाढते, ती वेगळीच. ऊस तर थंडीत वाढ थांबवतो आणि साखर साठवतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत कारखान्यांचा उतारा चढतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर क्विंटलला ३५५ रुपये ठरला, तो १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा दशांश टक्क्यानं इकडे-तिकडे झाला, की दरात क्विंटलमागे ३.४६ रुपयांचा फरक. म्हणजे शंभर टन ऊस घालणाऱ्याचे जवळजवळ साडेतीन हजार रुपये थंडीच्या हातात आहेत. थंडी नको म्हणणारेही आहेत, हे मात्र सांगायला हवं. जळगावकडची केळी कडाक्याच्या थंडीत थिजते, घड अडकतात. निफाडला पारा पाचच्या खाली जातो, तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. त्यांना उबदार हिवाळा सुसह्य वाटला, तर त्यात नवल नाही. फक्त ऊब बहुतेक वेळा ढगांबरोबर येते आणि ढगांबरोबर द्राक्षावर भुरी येते.

आंब्याचा प्रश्न मात्र सवडीनं पाहण्यासारखा आहे, कारण तिथे नुसते दिवस कमी होत नाहीत, झाडाचा निर्णयच बदलतो. पावसाळा संपला की हापूसच्या पक्व फांद्यांच्या टोकाला एक डोळा तयार असतो. त्यातून पालवी फुटू शकते किंवा मोहोर. ऑस्ट्रेलियात आंब्याची झाडं तापमान ताब्यात ठेवलेल्या खोल्यांमध्ये वाढवून पाहिली. दिवसा १५ आणि रात्री १० अंश ठेवले, तर झाडांना मोहोर आला. दिवसा ३० आणि रात्री २५ ठेवले, तर नुसती पालवी फुटली. कोकणात काही पहाटे दहा अंशांची नसते, आणि आपल्याकडे फांदीचं वय, जमिनीतली ओल यांचाही त्यात हात असतो. तरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सलग काही गार रात्री मिळाल्या, तर त्या मोहोराच्या बाजूनं झाडाला ढकलतात. त्या मिळाल्या नाहीत, पाऊस लांबला, तर डिसेंबरातही बागा तांबूस पालवीनं भरून जातात. दिसायला सुंदर. बागायतदाराच्या पोटात मात्र गोळा येतो.

कारण त्या पालवीला पक्व व्हायला काही आठवडे लागणार, तोवर तिच्यावर तुडतुडे आणि फुलकिडे येणार, फवारण्या वाढणार. मग मोहोर जानेवारी-फेब्रुवारीत येणार. त्या मोहोराची वाटाण्याएवढी कैरी होते न होते, तोच फेब्रुवारी-मार्चमधला उन्हाचा तडाखा बसतो आणि बारीक फळं गळतात. जी टिकतात, ती मेच्या अखेरीस तयार होतात. बाजारात पहिल्या पेट्यांना मिळणारा भाव तोवर उतरलेला असतो, वळवाचा पाऊस तोंडावर येतो, आणि तापल्या जमिनीवर लोंबणाऱ्या उशिराच्या हापूसमध्ये साक्याचं प्रमाण वाढतं. वरून सोन्यासारखं फळ आणि कापलं की आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर. गिऱ्हाईक शिव्या देतं ती आंबेवाल्याला. बिचाऱ्याला काय ठाऊक, की हे बी डिसेंबरच्या एका उबदार आठवड्यात पेरलं गेलं होतं!

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं पॅक्लोब्युट्राझोलची, बागायतदारांच्या भाषेत ‘कल्टार’ची शिफारस केली, त्याला आता कित्येक वर्षं झाली. ते पालवीला आवर घालतं आणि मोहोर लवकर आणतं. त्यानं थंडीची उणीव काही अंशी भरून निघते, पण पूर्ण नाही. शिवाय झाडाला खतपाणी वाढवावं लागतं. हिमाचल प्रदेशात सफरचंदाचं असंच झालं. डिलिशियस जातीच्या सफरचंदाला सात अंशांच्या खालची हजारेक तासांची थंडी लागते. ती कुलू खोऱ्याच्या खालच्या भागात पुरेशी मिळेनाशी झाली, तसे लोक तिथे डाळिंब आणि भाजीपाल्याकडे वळले आणि सफरचंद वर किन्नौर, लाहौल-स्पितीकडे चढलं. हापूसनं कुठे चढायचं? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकनही कोकणातल्या पाच जिल्ह्यांशी बांधलेलं आहे.

गव्हाच्या शेतकऱ्याच्या हातात त्या मानानं थोडं अधिक आहे. पहिली गोष्ट पेरणीची तारीख. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू फेब्रुवारीच्या उन्हाआधी बरंचसं काम उरकतो. अडचण अशी, की परतीचा पाऊस लांबला, सोयाबीन-कपाशी शेतात रेंगाळली, की गहू डिसेंबरात जातो आणि दोन्ही बाजूंनी मार खातो. तेव्हा उशिरासाठीचा वाण घ्यावा. निफाडच्या संशोधन केंद्रानं दिलेला ‘निफाड ३४’ त्यासाठीच आहे, आणि ‘फुले समाधान’ वेळेवर व उशिरा, दोन्ही पेरण्यांना चालतो. पोटरीपासून दाणे भरेपर्यंत जमिनीत ओल राखली, तर पिकाच्या आतली हवा एक-दोन अंशांनी गार राहते. पाणी हलकं द्यावं आणि वारा असेल तर देऊ नये, नाहीतर जड ओंब्या लोळतात. पंजाब कृषी विद्यापीठ अशा वेळी दोन टक्के पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे आपल्याकडे ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ म्हणतात त्याची फवारणी सुचवतं. पोटरीला एक आणि फुलोऱ्यात एक. या उपायांनी गेलेले सात दिवस परत येत नाहीत. दोन-तीन दिवस राखता येतात.

उरलेल्या नुकसानीचं काय? पंचनामा होतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानीचा. तलाठी बांधावर येऊन उभ्या, पिवळ्याधमक गव्हाचा पंचनामा कसा करणार? पीक विम्यात महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन पीक कापणी प्रयोगातून काढतात आणि उंबरठा उत्पादनाशी ताडून पाहतात. उंबरठा काढतात तो मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून, आणि आपल्या राज्यात त्याच्या सत्तर टक्के धरतात. समजा, एका मंडळाची ही सरासरी एकरी १६ क्विंटल आहे. तिचे सत्तर टक्के म्हणजे ११ क्विंटल २० किलो. उबदार हिवाळ्यानं उत्पादन १३ वर आणलं, म्हणजे शेतकऱ्याचे एकरी तीन क्विंटल गेले, तरी विम्याच्या लेखी नुकसान शून्य. ऊब नेमकी एवढीच घट करते, दहा ते वीस टक्क्यांची. अशी वर्षं लागोपाठ येत गेली, तर ती सरासरीत शिरतात आणि उंबरठाच खाली सरकतो.

आंब्याला निदान हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे. त्यात अवेळी पाऊस आहे, वेगाचा वारा आहे, कमाल तापमान आहे आणि कमी तापमानही आहे. थंडी जास्त पडली तर भरपाई मिळते. थंडी पडलीच नाही, त्यासाठी रकाना नाही. मंडळामंडळांत बसवलेली स्वयंचलित हवामान केंद्रं रात्रीचं किमान तापमान दररोज नोंदवतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सलग किती रात्री ठरावीक अंशांच्या वर राहिल्या, एवढंच त्या नोंदींतून मोजायचं आहे. गव्हासाठी तोच हिशेब फेब्रुवारीतल्या रात्रींचा करता येईल. आकडे किती धरायचे, हे दापोली आणि राहुरीच्या विद्यापीठांनी बसून ठरवावं, यंत्र नवीन आणावं लागणार नाही.